दार उघडे आहे, मग बाई आत का नाही?

(कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात 'स्त्रिया आणि फुरसत' या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या सत्रात मी पत्त्यांच्या एका खेळाबद्दल बोलणार आहे, असे कळल्यावर चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारले, "ताई, पाणी, रेशन, मारहाण हे सगळे सोडून पत्ते कुठून काढलेस?" प्रश्न रास्त आहे. 'पत्ते कुटणे' हा आपल्या भाषेत रिकामटेकडेपणाला दिलेला शब्द आहे. पण पत्ते कुटत बसलेला पुरुष कुठल्याही पारावर दिसतो आणि त्याचे कुणाला फारसे काही वाटत नाही. पारावर पत्ते खेळणाऱ्या चार बायका तुमच्यापैकी किती जणींनी पाहिल्या आहेत? आपल्या वाट्याला सागरगोटे आले, भोंडला आला, मंगळागौरीची फुगडी आली. त्या खेळांत मौज आहे, मी त्यांना कमी लेखत नाही. पण ते घराच्या आत, सणाच्या निमित्ताने आणि वडीलधाऱ्यांच्या परवानगीने खेळायचे. निमित्ताशिवाय, केवळ आवडते म्हणून, घराबाहेर जाऊन, हरण्या-जिंकण्यासाठी खेळणे ही चैन पुरुषाची. म्हणून खेळ हा आपल्या चळवळीचा विषय आहे असे मी मानते.

आता ज्या खेळाबद्दल बोलायचे तो आपल्या पारावरचा नाही. त्याचे नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. १९९३ साली अमेरिकेत तो बाजारात आला. गणिताचा अभ्यासक असलेल्या रिचर्ड गारफिल्ड यांनी तो रचला आणि 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने छापला. १९९९ साली ही कंपनी 'हॅस्ब्रो' या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. आपल्या बावन्न पत्त्यांच्या जोडापेक्षा या खेळाची तऱ्हा वेगळी आहे. इथे पत्ते हजारो प्रकारचे. प्रत्येक पत्त्यावर एक चित्र आणि त्या पत्त्याने काय करता येते त्याचा मजकूर असतो. खेळाडूने स्वतः जमवलेल्या पत्त्यांतून निदान साठांचा आपला जोड बांधायचा आणि समोरच्याच्या जोडाशी झुंजायचे. दोघांना वीस-वीस 'प्राण' दिलेले असतात. समोरच्याचे प्राण शून्यावर आणले की बहुतेक डाव संपतो. बुद्धिबळासारखा विचार, रमीसारखे नशीब आणि तिकिटे जमवण्यासारखा छंद, असे तिन्ही त्यात आहे.

या खेळामागे बाजार आहे हेही सांगितले पाहिजे. पत्ते बंद पाकिटात विकले जातात. पाकीट फोडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही. दुर्मिळ पत्ता मिळेल या आशेने माणूस आणखी एक पाकीट घेतो. पहिल्या वर्षी छापलेला 'ब्लॅक लोटस' नावाचा एक पत्ता जानेवारी २०२१ मध्ये लिलावात ५ लाख ११ हजार डॉलरला गेला. स्पर्धेत टिकेल असा जोड बांधायला काही शे डॉलर सहज लागू शकतात. म्हणजे या टेबलाशी कोण बसणार हे ठरवणारी पहिली चाळणी पैशाची. स्त्रियांच्या हातात स्वतःसाठी खर्च करायचा पैसा किती असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

या खेळाची आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा होती, तिचे नाव 'वर्ल्ड मॅजिक कप'. २०१२ साली ती अमेरिकेत इंडियानापोलिसला पहिल्यांदा भरली. पुढे अ‍ॅमस्टरडॅम, नीस, बार्सिलोना, रॉटरडॅम, पुन्हा नीस आणि २०१८ मध्ये पुन्हा बार्सिलोना अशी सात वर्षे ती झाली. २०१८ची शेवटची ठरली. एरवी हा खेळ एकट्याने एकट्याविरुद्ध खेळायचा. इथे मात्र देशाचा संघ उतरे. पहिली पाच वर्षे संघात चार जण असत. त्यातला एक देशात सर्वाधिक गुण मिळवलेला खेळाडू, बाकीचे देशातल्या पात्रता स्पर्धा जिंकून आलेले. सांघिक फेरीत तिघे शेजारी-शेजारी बसून समोरच्या तिघांशी खेळत आणि चौथा सल्ला देई. २०१७ पासून संघ तिघांचाच झाला. तैवानचा संघ पहिल्या वर्षी जिंकला. नंतर फ्रान्स, डेन्मार्क, इटली, ग्रीस, जपान आणि शेवटी पुन्हा फ्रान्स. अमेरिकेत जन्मलेल्या खेळाची ही स्पर्धा अमेरिकेला एकदाही जिंकता आली नाही. ग्रीससारख्या छोट्या देशालाही तिथे मोठ्यांना हरवता आले, म्हणून या स्पर्धेबद्दल खेळाडूंना जिव्हाळा होता.

सांघिक खेळाची एक खुबी मला महत्त्वाची वाटते. एकट्याच्या सामन्यात बाहेरच्या कुणाशी बोलायला बंदी असते. सांघिक सामन्यात जोडीदारांनी आपापसात बोलायला पूर्ण मुभा आहे. "हा पत्ता आता टाकू का थांबू?" असे शेजारच्याला विचारता येते. काही फेऱ्यांत तर पत्तेही वाटून घ्यावे लागतात. एकाने चांगला पत्ता आपल्या जोडात घातला की दुसऱ्याला त्यावाचून भागवावे लागते. त्यामुळे सांघिक खेळात कौशल्याइतकाच विश्वास लागतो. आणि विश्वास ठेवून कुणाला संघात घ्यायचे, हा प्रश्न आला की बाईचा प्रश्न आलाच.

आता मुद्द्याकडे येते. या खेळाच्या कुठल्याही नियमात 'स्त्रियांना प्रवेश नाही' असे लिहिलेले नाही. स्त्रियांची वेगळी स्पर्धा नाही, पुरुषांचीही नाही. सगळ्यांसाठी एकच टेबल. पत्ते उचलायला दंडाची ताकद लागत नाही, उंची लागत नाही. कागदावर यापेक्षा समान खेळ शोधून सापडणार नाही. आणि प्रत्यक्षात? व्यावसायिक खेळाडूंची 'प्रो टूर' ही स्पर्धामालिका १९९६ साली सुरू झाली. तिच्या अंतिम आठांत पहिली स्त्री पोहोचली ती २०१३ साली, माँट्रिअलच्या स्पर्धेत. तिचे नाव मेलिसा डेटोरा. म्हणजे सतरा वर्षे लागली. 'ग्रां प्री' नावाच्या मोठ्या खुल्या स्पर्धा १९९७ पासून होत होत्या. ती जिंकणारी पहिली स्त्री ऑस्ट्रेलियाची जेसिका एस्टेफान, २०१८ साली सिडनीत. म्हणजे एकवीस वर्षे. त्याच २०१८च्या अखेरीस कंपनीने जगातल्या बत्तीस अव्वल खेळाडूंची पगारी लीग जाहीर केली. बत्तीसांत एकही स्त्री नव्हती. निकष काय, तर वर्षभरात मिळवलेले गुण. गुणांना लिंग नसते, असे त्यावर कुणीही म्हणेल.

हे उत्तर आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. "आम्ही कुठे अडवले? दार उघडेच आहे. बायकाच येत नाहीत." ग्रामसभेबद्दल हे ऐकले आहे, कामगार संघटनेबद्दल ऐकले आहे, आपल्या पुरोगामी मित्रांच्या बैठकांबद्दलही ऐकले आहे. याच्या पुढची पायरी म्हणजे, "त्यांना आवडच नसते", आणि त्याच्याही पुढची, "तेवढे डोके चालत नाही". दाराची चर्चा खूप होते. दारापर्यंतच्या रस्त्याची होत नाही. या खेळाच्या निमित्ताने तो रस्ता आपण एकदा चालून पाहू.

रस्ता सुरू होतो दुकानात. हा खेळ पत्ते विकणाऱ्या दुकानांतल्या टेबलांवर वाढला. २००० सालापासून दर शुक्रवारी संध्याकाळी दुकानादुकानांत छोट्या स्पर्धा भरवण्याची पद्धत पडली. नवा खेळाडू तिथे शिकतो, हरतो, ओळखी करतो, पत्त्यांची अदलाबदल करतो. आता विचार करा, शुक्रवारची संध्याकाळ कुणाची मोकळी असते? रात्री उशिरा घरी परतायचे कुणाला भय असते? पंचवीस मुलगे बसलेल्या खोलीत एकटी मुलगी शिरली तर पंचवीस माना वळतात. तिने चूक केली तर ती चूक तिच्या एकटीची राहत नाही, ती 'बायकांची' होते. मुलगा हरला तर तो नवशिका. मुलगी हरली तर "बघ, सांगितले नव्हते?"

दुसरा टप्पा वेळेचा. मोठ्या स्पर्धेत एक फेरी पन्नास मिनिटांची आणि दिवसाला अशा आठ-नऊ फेऱ्या. पुढे टिकलात तर दुसरा दिवस. त्याआधी आठवडेच्या आठवडे सराव. हा वेळ कुठून यायचा? आपल्या देशाचे उदाहरण घेऊ, कारण त्याचे आकडे सरकारनेच दिले आहेत. केंद्र सरकारने २०१९ मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात बिनमोल घरकाम करत होत्या. पुरुषांपैकी फक्त २६.१ टक्के. काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषाची ९७. म्हणजे घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाच्या तुलनेतही स्त्रीची रोजची तीन तास बावीस मिनिटे जास्त. पत्त्यांच्या भाषेत सांगायचे तर रोज चार फेऱ्या. प्रमाण देशोदेशी वेगळे असेल, पण घरकामाचे पारडे स्त्रीकडे झुकलेले नाही असा देश मला तरी माहीत नाही. कौशल्य सरावाने येते आणि सराव वेळेने. वेळेची वाटणी घराच्या उंबऱ्याआत होते, गुणांची मोजणी मात्र स्पर्धेच्या हॉलमध्ये. त्यामुळे गुण निःपक्षपाती दिसतात.

तिसरा टप्पा सगळ्यांत कमी दिसणारा आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. तो म्हणजे निवडले जाण्याचा. हा खेळ एकट्याचा वाटतो, पण वरच्या पातळीला कुणीही एकट्याने पोहोचत नाही. व्यावसायिक खेळाडू गट करून सराव करतात. स्पर्धेआधी एखादे घर भाड्याने घेतात, आठवडाभर एकत्र राहतात, नवे जोड तपासतात, गुपिते वाटून घेतात. या गटात कोण येणार हे कुठल्याही नियमपुस्तकात नाही. मित्राचा मित्र येतो. आठ पुरुषांच्या घरात आठवडाभर राहायला मुलीला बोलावले जात नाही, बोलावले तर तिच्या घरचे पाठवत नाहीत, आणि ती गेली तर चर्चा तिच्या खेळाची होत नाही. कुणी दुष्टपणाने तिला वगळले असे दाखवता येणार नाही. ती फक्त कुणाला आठवली नाही.

म्हणून सिडनीचा तो विजय मला बोलका वाटतो. ग्रां प्री जिंकणारी पहिली स्त्री सांघिक स्पर्धेत जिंकली. तिच्या दोन्ही बाजूंना बसलेले दोघे पुरुष होते. तिने त्यांच्यावर आणि त्यांनी तिच्यावर विश्वास टाकला होता. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळते. पण जिथे बाईला आधीपासून आपल्यातली मानले जाते, तिथे ती किती पुढे जाऊ शकते, एवढे तरी हे उदाहरण सांगते.

चौथा टप्पा छळाचा. २०१७ साली या खेळातल्या पात्रांची वेशभूषा करणाऱ्या, स्पर्धांमध्ये लोकप्रिय असलेल्या एका स्त्री कलाकाराने जाहीर केले की सततच्या ऑनलाइन छळाला कंटाळून आपण हे क्षेत्र सोडत आहोत. बराच गदारोळ झाला. ज्याच्याकडे तिने बोट दाखवले होते त्याच्यावर कंपनीने आजन्म बंदी घातली. बंदी आली हे चांगले झाले. पण क्रम लक्षात घ्या. आधी बाई गेली, मग कारवाई झाली. आपल्या गावात, कार्यालयात, कॉलेजात आपण हाच क्रम पाहतो. तक्रार ऐकली जाते तोपर्यंत तक्रार करणारी घरी बसलेली असते.

मग उपाय काय? इथे आपल्या चळवळीतला जुना वाद समोर येतो: वेगळी खोली मागायची की याच खोलीत जागा मागायची?

बुद्धिबळाने वेगळी खोली दिली. तिथे स्त्रियांचे ऑलिंपियाड १९५७ पासून वेगळे होते. त्याचा फायदा उघड आहे. २०२४ साली बुडापेस्टला भारताच्या स्त्रियांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले, त्या संघात नागपूरची दिव्या देशमुख होती. २०२५ मध्ये तिने स्त्रियांचा विश्वचषकही जिंकला. वेगळी खोली नसती तर इतक्या मुलींना परदेशी सामने, प्रशिक्षक, पैसा मिळाला असता का, शंका आहे. पण वेगळी खोली मिळाल्याने नजर बदलते असे नाही. याच दिव्याने जानेवारी २०२४ मध्ये, नेदरलँड्समधल्या एका मोठ्या स्पर्धेनंतर, जाहीरपणे लिहिले की प्रेक्षक तिचे डाव सोडून कपडे, केस आणि उच्चार यांचीच चर्चा करत होते. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

आणि वेगळी खोली कधी कोंडवाडाही होते. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर तेरा वर्षांच्या असताना पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरल्या. मोठा गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना निर्णय द्यावा लागला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. तेव्हा दार खरोखरच बंद होते आणि एका मराठी मुलीने ते उघडायला लावले. मॅजिकमध्ये दार पहिल्यापासून उघडे होते, तरीही पहिला विजय यायला एकवीस वर्षे गेली. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे कळते की बंद दाराशी लढणे एका परीने सोपे. तिथे निदान कुणाविरुद्ध दाद मागायची ते ठाऊक असते.

या खेळातल्या स्त्रियांनी तिसरी वाट काढली. २०११ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या परिसरात 'लेडी प्लेन्सवॉकर्स सोसायटी' नावाचा गट निघाला. दुकानात ठरावीक वेळी जमायचे, नव्या बायकांना शिकवायचे, त्यांना एकटे वाटू द्यायचे नाही. पुरुषांना मज्जाव नव्हता, पण वातावरण बायकांनी ठरवलेले. आपल्या बचत गटासारखेच म्हणा ना. आधी आपल्यात बळ धरायचे, मग बँकेत जायचे. वेगळी खोली, पण तिचे दार मोठ्या खोलीत उघडणारे.

कंपनीनेही टीकेनंतर काही पावले उचलली. २०१९ मध्ये त्या बत्तीसांच्या लीगमध्ये जागा रिकाम्या झाल्या, तेव्हा जेसिका एस्टेफानला घेतले गेले. त्याच वर्षी क्लीव्हलंडची मोठी स्पर्धा जिंकणाऱ्या ऑटम बर्चेट यांनाही लीगमध्ये स्थान मिळाले. ऑटम स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी कोणत्याच चौकटीत बसवत नाहीत. हा प्रश्न फक्त दोन रकान्यांचा नाही याची ती आठवण. एस्टेफानच्या निवडीवर लगेच ओरड झाली, "गुणवत्तेचे काय?" पंचायतीत तेहतीस टक्के जागा आल्या तेव्हा हेच ऐकले होते, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या पन्नास टक्के केल्या तेव्हाही. माझे मत स्पष्ट आहे. ज्या गुणवत्तेसाठी लागणारा वेळ, पैसा, सोबत आणि निर्धास्तपणा एकाच बाजूला वाटला गेला आहे, तिच्या नावाने समतेला विरोध करता येणार नाही. पण हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते की वरच्या पायरीवर एकदोघींना आणून बसवल्याने जिना रुंद होत नाही. खालच्या पायरीवर, शुक्रवारच्या त्या दुकानात, दहा मुली दर आठवड्याला निर्धास्त बसल्या पाहिजेत. त्यांच्यातली एक वर जाईल. उरलेल्या नऊ नुसत्या मजेसाठी खेळतील, आणि तेही मला तेवढेच मोलाचे वाटते. बाईने खेळावे ते पदक आणण्यासाठीच, अशी अट का असावी?

आता तुमच्या-माझ्या कामाशी याचा सांधा जोडते. आपल्या गावातले वाचनालय, तरुण मंडळ, कॅरमची खोली, व्यायामशाळा, अगदी आपल्या संघटनेची राज्य बैठक, सगळीकडे 'सर्वांसाठी खुले' अशी पाटी असते. ती पाटी वाचून थांबू नका. पाच प्रश्न विचारा. वेळ कुणाच्या सोयीने ठरली? परत जायची सोय आहे का? पैसे कोण देते? कुणाला कोण बोलावते? आणि त्रास झाला तर तक्रार कुणाकडे करायची, हे आधीपासून ठरले आहे का? या पाचांची उत्तरे मिळाली की कळेल, दार उघडे असूनही बाई आत का नाही.

पुढच्या महिन्यात तुमच्या गटाच्या बैठकीत एक तास कामाच्या यादीतून बाजूला काढा. कॅरम आणा, पत्ते आणा, सागरगोटे आणा. ज्या म्हणतील "मला कुठे येते", त्यांना आधी बसवा. अहवालात त्या तासाचे काय लिहायचे असे कुणी विचारले, तर लिहा: बायका खेळल्या.